ड्रेस्डेनचा प्रभारी

ड्रेस्डेन
रविवार, रात्री उशिरा

प्रिय विन्या,

परवा फोनवर तुझा आवाज पार बसलेला होता. मी आपलं ‘होईल रे सगळं नीट’ असं काहीतरी पुटपुटलो आणि फोन ठेवल्यावर स्वतःवरच चरफडलो. चार वर्षं ‘प्रभारी विभागप्रमुख’ म्हणून वेळापत्रकापासून तंबोऱ्याच्या तारांपर्यंत सगळं तू बघायचं, आणि जागा भरायची वेळ आली की बाहेरून माणूस आणायचा. यात नीट काय होणार, कपाळ? ‘प्रभारी म्हणजे नेमकं काय रे?’ असं तू शेवटी विचारलंस. तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. नंतर ट्राममध्ये बसल्यावर सुचलं, आणि ते उत्तर म्हणजे एक माणूस निघाला. याच गावातला. त्याला जाऊन पावणेतीनशेच्या वर वर्षं झाली.

तेव्हा चहा घेऊन बस. पत्र लांबणार आहे.

त्याचं नाव यान डिसमास झेलेन्का. माझी त्याची ओळख गाण्यातून झाली. शुक्रवारी संध्याकाळी मी इथल्या एका हौशी गायनवृंदात जातो हे तुला ठाऊक आहे. आठवडाभर चिपच्या कारखान्यात पांढरा पोशाख चढवून यंत्रांची उस्तवार करायची आणि शुक्रवारी मागच्या रांगेत उभं राहून खर्जात गायचं. आपल्याला तंबोऱ्याची सवय. इथे षड्ज धरून कोणी बसत नाही, तो घटकेघटकेला घर बदलतो. पहिले सहा महिने मी नुसता तरंगत होतो. गेल्या वर्षी आमच्या बाईंनी झेलेन्काचं १७३८ सालचं ‘मिझेरेरे’ काढलं. ‘देवा, दया कर’ म्हणणारं एक्कावन्नावं स्तोत्र. मला वाटलं, दयेची याचना म्हणजे काहीतरी मऊ, आर्त असेल. सुरुवातीलाच खालची तंतुवाद्यं दारावर धडका दिल्यासारखी सुटली आणि त्यावर आम्ही चारी रांगांनी एकमेकांना खेटणारे, टोचणारे स्वर धरले. हा माणूस दया मागत नव्हता, वसूल करत होता. घरी येताना ट्रामचा थांबा चुकला माझा.

मग शोध घेत बसलो.

जन्म १६७९, बोहेमियात, म्हणजे आजच्या झेक प्रजासत्ताकात, ब्लानिक डोंगराच्या पायथ्याच्या लौन्योवित्से नावाच्या गावात. बाप गावातला शाळामास्तर आणि ऑर्गनवादक. बाप्तिस्म्याचं नाव यान लुकाश. ‘डिसमास’ हे त्याने नंतर लावून घेतलं. डिसमास कोण, तर येशूच्या शेजारच्या क्रुसावर टांगलेला, शेवटच्या घटकेला पश्चात्ताप झालेला चोर. संतांची एवढी मोठी यादी समोर असताना ज्याने चोर निवडला, तो माणूस मला तिथेच आवडला.

१७१० च्या सुमारास तो ड्रेस्डेनच्या दरबारी वाद्यवृंदात लागला. कशावर? व्हायोलोनवर, म्हणजे आजच्या डबल बासच्या थोरल्या भावावर. सगळ्यात खालचा स्वर, सगळ्यात मागची जागा. विन्या, तू वीस वर्षं मैफलीत पेटीवर बसतोस. गवयाच्या डाव्या हाताला बसून पुढे काय येणार, कुठे येणार हे त्याच्या आधी ओळखायचं आणि टाळी त्याला मिळाली की खाली मान घालून हसायचं. तुला हे वेगळं सांगायला नको. पण एक गोष्ट पेटीपेक्षाही खर्जवाल्याच्या वाट्याला जास्त येते. या संगीतात वरच्या सुरावटी कितीही भिरभिरल्या तरी त्यांचा हिशेब तळाच्या सुराशी द्यावा लागतो. तळाशी बसणाऱ्याला सगळ्यांच्या चोऱ्या दिसतात.

आता दरबार. आपल्या कोल्हापुरात दरबारी गवई म्हटलं की शाहू महाराज आणि अल्लादियाखाँसाहेब डोळ्यांपुढे येतात, राजा आणि गायक समोरासमोर. इथला दरबार म्हणजे एक खातं होतं. हुद्दे, पगारपत्रक, बढतीचे अर्ज, सगळं. आणि त्या खात्याची एक मोठी गंमत होती. सॅक्सनी, म्हणजे ड्रेस्डेनचा मुलूख, हा ल्यूथरपंथाचा बालेकिल्ला. पण राजा ऑगस्टला पोलंडचं सिंहासन हवं होतं आणि तिथे कॅथलिक राजाच लागतो, म्हणून १६९७ साली त्याने पंथ बदलला. त्याची राणी मात्र मरेपर्यंत ल्यूथरपंथीच राहिली. प्रजा एका पंथाची, राजा दुसऱ्या. राजाला प्रार्थनेला जागा हवी, तर १७०८ मध्ये राजवाड्याजवळचं जुनं ऑपेरागृहच चर्च करून टाकलं. नाटकगृहाचं देऊळ! त्या देवळात रोज, सणावाराला, मयताला गायचं संगीत कुठून येणार? ल्यूथरच्या मुलखात कॅथलिक संगीताची परंपराच नव्हती. ते कोणीतरी बसून लिहायचं होतं. जेझुइट या कॅथलिक संघाचे पाद्री ती व्यवस्था बघत, आणि त्यांना मागच्या रांगेतला हा झेक सापडला.

वाद्यवृंद मात्र काय होता म्हणून सांगू! व्हायोलिनवर पिसेन्डेल, बासरीवर ब्यूफार्दँ, ल्यूटवर व्हाइस. युरोपात तोड नव्हती. बाहेरून इटालियन गवई आणवले होते. त्यातल्या सेनेझीनो नावाच्या बड्या गवयाने १७२० साली तालमीत राजाच्या कपेलमाइस्टरशी, म्हणजे संगीतप्रमुखाशी भांडून नोटेशनचा कागद टराटरा फाडला. राजाने अख्खी ऑपेरा कंपनीच बरखास्त केली. (तुझ्या त्या नव्या साहेबांना हा किस्सा जरूर ऐकव. बरखास्तीचा भाग गाळून.)

तो कपेलमाइस्टर म्हणजे हाइनिखेन. नाव लक्षात ठेव.

त्याआधी एक गोष्ट राहिली. १७१६ साली, म्हणजे सदतिसाव्या वर्षी, झेलेन्का व्हिएन्नाला जाऊन फुक्सचा शिष्य झाला. फुक्स म्हणजे सम्राटाचा कपेलमाइस्टर, सुरांच्या विणकामाचा सर्वांत मोठा मास्तर. पुढे १७२५ मध्ये त्याने त्यावर लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला तोही गुरुशिष्य संवादाच्या रूपात, आणि नंतरच्या पिढ्या त्याच्यावर शिकल्या. तर दरबारी नोकरीत स्थिरावलेला, पोक्त वयाचा वादक पुन्हा पाटी घेऊन बसला. दिवसभर जुन्या उस्तादांच्या रचना स्वतःच्या हाताने उतरवून काढायचा. या विणकामाचं तुला एका वाक्यात सांगायचं तर असं: एकाने मुखडा घ्यायचा, तो संपण्याआधी दुसऱ्याने तोच पंचमावरून उचलायचा, तिसऱ्याने पुन्हा मूळ सुरावरून, चौथ्याने आणखी कुठून, आणि चौघं एकदम गात असताना कोणीही कोणाचा साथीदार नाही. आपल्याकडे अशी कल्पनाच नाही. आपल्याकडे एक गातो आणि बाकीचे सांभाळतात.

त्या शिक्षणाचं पीक बघायचं असेल तर १७२१-२२ च्या सुमारास लिहिलेले त्याचे सहा सोनाटा, म्हणजे नुसत्या वाद्यांच्या रचना, ऐक. बहुतेकांत दोन ओबो (आपल्या सनईच्या जातीचं वाद्य), एक बसून, खाली खर्ज. बसून म्हणजे लाकडी, लांबलचक, गळ्यात गुरगुरणारं वाद्य. त्याचं रोजचं काम तळाच्या स्वराला दुजोरा देण्याचं. झेलेन्काने त्यालाच पुढे ओढलं. पाचव्या सोनाटात तर बसून असा सुटतो की ओबोवाल्यांना धापा लागतात. खर्जवाल्याने खर्जवाल्यांसाठी काढलेला सूड आहे तो, असं माझं मत. आमच्या वृंदातला एक निवृत्त बसूनवादक म्हणतो की यात श्वास घ्यायला जागाच ठेवलेली नाही, लिहिणारा तंतुवाद्यवाला होता हे लगेच कळतं. असेल. पण सूडाची माझी कल्पना मी सोडणार नाही.

आणि १७२२ ची ‘लामेन्टाशिओनेस’. यिर्मयाचे विलाप, जेरुसलेम उद्ध्वस्त झाल्याचा आक्रोश. हे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात गातात. त्या विधीत एकेक मेणबत्ती विझवत नेतात. मूळ हिब्रू काव्यात प्रत्येक कडव्याचं पहिलं अक्षर वर्णमालेच्या क्रमाने येतं. लॅटिनमध्ये ती करामत टिकत नाही, म्हणून अक्षरांची नावंच कडव्याआधी ठेवलेली आहेत: आलेफ, बेथ, गिमेल. आणि झेलेन्का ती नुसती अक्षरं गाऊन घेतो! ज्याला अर्थ नाही, जे फक्त कडव्याचा क्रमांक आहे, त्यावर लांब, वळणावळणाची, जिवाला घोर लावणारी सुरावट. मग शब्द येतात ते जवळजवळ बोलल्यासारखे. तू मुलांना सांगतोस ना, आकारात सगळं सांगून झालं पाहिजे, शब्द नंतर नुसते टेकायला? अगदी ते. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तुला फोन लावणार होतो, पण तुमच्याकडे पहाटेचे तीन वाजले होते.

१७२३ ला मायदेशी एकदा मान मिळाला. प्रागमध्ये सम्राट सहाव्या कार्लचा बोहेमियाचा राजा म्हणून अभिषेक होता. तिथल्या जेझुइटांच्या क्लेमेन्टिनुममध्ये संत व्हेन्सेस्लासवरचं मोठं लॅटिन संगीतनाट्य झेलेन्काने बसवलं. सम्राट स्वतः बघायला होता. त्याच सोहळ्यासाठी गुरू फुक्सचा ऑपेरा उघड्यावर रंगला. त्याच मुक्कामात लिहिलेल्या एका रचनेचं नाव त्याने ठेवलं ‘हिपोकोंद्री’. चित्तभ्रम, खिन्नता, काय म्हणशील ते. असं नाव ठेवणारा दरबारी माणूस विरळाच.

आता प्रभारीकडे येतो.

हाइनिखेनला क्षयाने ग्रासलं. तो अंथरुणाला खिळत गेला तसतसं चर्चच्या संगीताचं ओझं झेलेन्काकडे सरकलं. लिहायचं त्याने, तालमी घ्यायच्या त्याने, नकला करवून घ्यायच्या त्याने. १७२६ च्या जानेवारीत त्याने एक वही घातली. चर्चसाठी जमवलेल्या, स्वतःच्या आणि इतरांच्या सगळ्या रचनांची लॅटिन नोंदवही. आज ती इथल्या राज्य ग्रंथालयात आहे, तिचे फोटो घरबसल्या बघता येतात. त्या वहीची पानं उलटताना मला तुझं ते लाल कापडी रजिस्टर आठवलं, ज्यात कोणत्या वर्गातला तबला कोणत्या तारखेला शाईला गेला ते तू लिहून ठेवतोस. जो पद नसताना नोंदवही घालतो तो प्रभारी. तुला हवी होती ना व्याख्या?

१७२९ च्या जुलैत हाइनिखेन गेला. जागा रिकामी. महिने गेले, वर्षं गेली, काम चालूच. १७३३ च्या १ फेब्रुवारीला खुद्द राजा ऑगस्ट वारला आणि त्याच्या उत्तरक्रियेचं संगीत, रेक्विएम वगैरे, झेलेन्कानेच लिहून दिलं. त्याच वर्षी त्याने नव्या राजाकडे अर्ज केला: हाइनिखेनच्या आजारपणापासून त्याचं काम मी करत आलो आहे, नकलांचा खर्च स्वतःच्या खिशातून केला आहे, ती जागा मला मिळावी.

मिळाली नाही. ती गेली हासेला. योहान आडोल्फ हासे, वयाने वीस वर्षांनी लहान, इटलीत तयार झालेला, ऑपेराचा राजा, आणि बायको फाउस्टिना बोर्दोनी म्हणजे त्या काळची अव्वल गायिका. दोघांना मिळून वर्षाला ६,००० थालर. झेलेन्का लागला होता ३०० वर.

इथे तुला आवडणार नाही असं एक सांगतो. हासे वाईट नव्हता. फार चांगला होता. मी राग धरून त्याच्या रचना ऐकायला बसलो आणि अर्ध्या तासात राग टिकेना. काळच त्याच्या बाजूचा होता. लोकांना एक सुंदर गळा आणि त्याखाली मोकळी, हलकी साथ हवी होती. चार गळ्यांचं घट्ट विणकाम जुनाट वाटू लागलं होतं. खलनायक असता तर गोष्ट सोपी झाली असती. तुमच्याकडे आलेले गृहस्थ कसे आहेत ते मला माहीत नाही, आणि तू त्यांना तीनच दिवस पाहिलं आहेस.

आणखी एक अर्जदार होता बरं का. त्याच १७३३ च्या जुलैत लाइपझिगहून एक त्रासलेला संगीतकार आला आणि नव्या राजाला क्यिरिए आणि ग्लोरिया असे मिस्साचे, म्हणजे चर्चच्या मुख्य उपासनेत गायच्या संगीताचे, दोन भाग नजर करून त्याने दरबारी किताब मागितला. पत्रात लिहिलं होतं की नोकरीच्या ठिकाणी मला विनाकारण जाच होतो आहे. योहान सेबास्टियान बाख. पुढे बी मायनर मिस्साची सुरुवात झाले ते हेच दोन भाग. त्यालाही तीन वर्षं थांबावं लागलं. १७३६ च्या अखेरीस ‘दरबारी संगीतकार’ हा कागद हातात पडला. झेलेन्काला त्याच्या आधी, १७३५ मध्ये, ‘चर्च-संगीतकार’ हा किताब मिळाला होता. एकाच राजाच्या एकाच खात्यात बाख आणि झेलेन्का दोघंही किताबाचे धनी, आणि खुर्चीवर तिसराच.

दोघांची ओळख होती. बाखच्या मुलाने पुढे लिहून ठेवलं की उतारवयात वडील ज्यांना मानत त्यांत झेलेन्का होता. थोरल्या मुलाने, विल्हेल्म फ्रीडेमानने, वडिलांसाठी झेलेन्काच्या एका माग्निफिकाटमधलं, म्हणजे मरियेच्या स्तुतिगीतातलं, ‘आमेन’ उतरवून घेतलं होतं. दुसऱ्याची बंदिश खुद्द बाखने मागून घ्यावी!

किताबानंतरची वर्षं मला सर्वांत विचित्र वाटतात. आजारपण आलं. त्यातून उठल्यावर नवस फेडायला १७३९ मध्ये ‘मिस्सा व्होटिव्हा’ लिहिली. मग १७४०-४१ मध्ये सहा ‘अखेरच्या मिस्सां’चा संकल्प सोडला. तीनच आहेत. त्यातल्या एकीचे क्यिरिए आणि ग्लोरिया एवढेच भाग. दरबारी वाद्यवृंदाने त्या वाजवल्याचा पुरावा नाही, वादकांसाठी काढलेल्या नकला नाहीत. त्याच्या हयातीत बहुधा त्या कोणी गायल्याच नाहीत. आणि त्या लिहिल्या आहेत कशा, तर उद्याच सणाला गायच्या असल्यासारख्या. एकेक ग्लोरिया अशी खळाळत जाते की बाकावर बसवत नाही. कोणी मागितलेलं नाही, गाणारे ठरलेले नाहीत, तारीख नाही, आणि हा साठी उलटलेला माणूस आपला पानामागून पान लिहितो आहे. हस्तलिखितांच्या शेवटी नेहमीप्रमाणे चार लॅटिन आद्याक्षरं: देवाच्या अधिक गौरवासाठी.

त्याला खंत नसेल असं समजू नकोस. मला ते पटत नाही. ‘हिपोकोंद्री’ लिहिणारा माणूस आहे तो.

मेला तो १७४५ च्या डिसेंबरात, जलोदराने, आणि वेळही काय साधली! १५ तारखेला गावाजवळच्या केसेल्सडोर्फला सॅक्सनीचं सैन्य हरलं, तीन दिवसांत प्रशियन फौजा ड्रेस्डेनमध्ये आल्या. त्यांचा राजा फ्रीडरिख, बासरीवाला. गाव जिंकल्यावर त्याने पहिल्यांदा काय केलं, तर हासेचा ऑपेरा लावायला सांगितला. तिकडे दिवे लागले होते आणि इकडे झेलेन्का शेवटचे श्वास मोजत होता. २३ ला गेला. २४ ला, ख्रिसमसच्या आदल्या दिवशी, फ्रीडरिखश्टाटमधल्या कॅथलिक दफनभूमीत पुरला. २५ ला तह झाला. लग्न नाही, मूल नाही. ज्या नव्या दरबारी चर्चचं बांधकाम त्याने १७३९ पासून एल्बच्या काठावर उठताना पाहिलं असेल, त्याचं उद्घाटन व्हायला आणखी सहा वर्षं होती.

आणि मग राणी मारिया योझेफाने त्याची सगळी हस्तलिखितं विकत घेतली आणि कुलपात ठेवली. दरबारची मालमत्ता, बाहेर नकला द्यायच्या नाहीत. पिसेन्डेल आणि हँबर्गचा संगीतकार टेलेमान यांनी त्याची ईस्टर आठवड्याची सत्तावीस गीतं छापायचा खटाटोप केला, तो फसला. टेलेमानने १७५६ मध्ये लिहून ठेवलंय की याची पूर्ण प्रत ड्रेस्डेनच्या दरबारात दुर्मीळ वस्तूसारखी कुलपात असणार. त्या कुलपाचं काय करायचं तेच मला कळत नाही. त्याच्यामुळे झेलेन्का दोनशे वर्षं कोणाला माहीत नव्हता, आणि त्याच्यामुळेच कागद एकत्र राहिले. १९४५ च्या फेब्रुवारीत या गावावर बाँब पडले, गाव जळून गेलं. कागद बहुतेक वाचले, काही हरवले.

एकोणिसाव्या शतकात झेक संगीतकार स्मेतानाने इथे येऊन काही रचना उतरवून नेल्या, आपला झेक माणूस म्हणून. खरी जाग आली ती १९५० नंतर, आणि १९७० च्या दशकात त्या सहा सोनाटांची ध्वनिमुद्रिका निघाली तेव्हा लोक चक्रावले. पण ‘बघ, शेवटी न्याय मिळतोच’ असं मी तुला मुळीच म्हणणार नाही. दोनशे वर्षांनी मिळणाऱ्या न्यायाची पावती कोणाच्या नावावर फाडायची? त्याचं तर एक खरं चित्रही उरलेलं नाही. इंटरनेटवर त्याच्या नावाने जे चित्र फिरतं ते बघून मी खूश झालो होतो. नंतर कळलं, तो फुक्स आहे. इथेही गुरूच पुढे बसलेला.

गेल्या शनिवारी त्या दफनभूमीत जाऊन आलो. पाऊस होता. संगीतकार वेबर आहे तिथे, शिल्पकार पेर्मोझर आहे. ओल्या पानांत पाय रुतत होते. एक म्हातारी पाणी घालायची झारी परत लावत होती, तिने ‘कोणाला शोधताय?’ म्हणून विचारलं. मी नाव सांगितलं. ती म्हणाली, ‘हो, हो, तो बासवाला.’

राजीनाम्याचं तू काय ठरवतोस ते तुझं तू बघ. मी सांगणार नाही, सांगायचा अधिकारही नाही. मात्र एक काम कर. सोबत पाचव्या सोनाटाचा दुवा पाठवतो आहे. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नकोस, खर्ज मरतो त्यावर. हेडफोन लाव, ओबोकडे लक्ष देऊ नकोस, फक्त बसून आणि त्याच्या खालचा सूर ऐक. मग तिसऱ्या किंवा चौथ्या वेळी पेटी जवळ ओढून तो खालचा सूर एका बोटाने वाजवून बघ. तुला पहिल्या झटक्यात पुढचा सूर कळतो की नाही, एवढंच मला जाणून घ्यायचंय. मला अजून कळत नाही.

आणि तुझ्या पेटीचा भाता गळत होता, तो झाला का दुरुस्त? वहिनींना नमस्कार, चिमीला पापा. एप्रिलमध्ये येतोय. तेव्हा ते लाल रजिस्टर बघायचंय मला. नव्या साहेबांच्या स्वाधीन केलं असशील तर मागून घे.

तुझा,
सुध्या